बॅटलफील्ड ४ : कोणता मोड खेळावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटलफील्ड ४ हा टीमने लढायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये बाजारात आला. स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओने तो बनवला. त्यानंतर या मालिकेचे बरेच भाग येऊन गेले, तरी सेल लागला की ओळखीतलं कोणीतरी हाच गेम उतरवून घेतं आणि रात्री मेसेज येतो, "मेनूमध्ये इतके मोड (खेळाचे प्रकार) दिसतायत, कशात शिरू?" प्रत्येकाला तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी हा गेम पीसीवर वर्षानुवर्षं खेळतोय आणि मतं माझी आहेत. तुमची वेगळी असतील तर भांडायला माझी हरकत नाही.

मोडने असा काय फरक पडतो? गोळ्याच तर झाडायच्या आहेत!

"सीज ऑफ शांघाय" हा नकाशा घ्या. कॉन्क्वेस्टमध्ये, म्हणजे झेंडे ताब्यात घ्यायच्या मोडमध्ये, मधल्या उंच इमारतीच्या गच्चीवर सी झेंडा असतो. तिथे लिफ्टने जाता येतं किंवा हेलिकॉप्टरमधून उडी मारता येते. गच्चीवर बसलेल्यांचा फार त्रास व्हायला लागला की खालचे लोक इमारतीचे खांब उडवतात. अख्खी इमारत कोसळते, झेंडा ढिगाऱ्यावर येतो आणि पुढचा सगळा सामना धुळीत चालतो. रणगाडा चालवणाऱ्याला आतापर्यंत ज्या झेंड्याचा काही उपयोग नव्हता, तो आता त्याच्या तोफेच्या टप्प्यात असतो.

टीम डेथमॅचमध्ये, जिथे नुसतं समोरच्या टीमला मारायचं असतं, त्याच शहराचा एक छोटा तुकडा मिळतो. बोटी नाहीत, रणगाडे नाहीत, कोपऱ्यावर भेटणारा शत्रू तेवढा असतो. नकाशाचं नाव तेच आणि बंदुका त्याच, पण हातातलं काम पूर्ण वेगळं. म्हणून "बॅटलफील्ड ४ कसा आहे?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "कोणता मोड खेळून बघितलास?"

मी अगदी नवा आहे. टीम डेथमॅचपासून सुरुवात करू ना?

बहुतेक जण हाच सल्ला देतात आणि मला तो पटत नाही. टीम डेथमॅचमध्ये नव्या खेळाडूला मारणं आणि मरणं या दोनच गोष्टी करता येतात. पहिल्या आठवड्यात त्यातली दुसरीच जास्त होते. वीस वेळा मरून एकाला मारलं की माणूस गेम काढून टाकतो. अशी दोन-तीन मंडळी मी गमावली आहेत.

आधी टेस्ट रेंजमध्ये, म्हणजे सरावाच्या मैदानात, अर्धा तास घालवा. हेलिकॉप्टर तिथेच आपटून घ्या, म्हणजे खऱ्या सामन्यात पाठीमागे बसलेल्या चौघांचा जीव वाचेल. मग कॉन्क्वेस्ट स्मॉलमध्ये, म्हणजे कमी माणसांच्या कॉन्क्वेस्टमध्ये, असॉल्ट किंवा सपोर्ट ही भूमिका घेऊन उतरा. असॉल्टकडे औषधाची पेटी आणि शॉक देऊन उठवण्याचं यंत्र असतं, सपोर्टकडे गोळ्यांची पेटी असते. निशाणा अजून बसला नसला तरी या दोन पेट्या योग्य जागी टाकून तुम्ही पहिल्याच दिवशी टीमच्या कामी येता. आपण कामी येतोय हे एकदा जाणवलं की शिकायला धीर येतो.

कॉन्क्वेस्ट जिंकायचा कसा? आमचे किल जास्त असूनही आम्ही हरलो!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही टीमकडे तिकिटांचा साठा असतो. आपला एक जण मरून पुन्हा उतरला की एक तिकीट जातं. त्याशिवाय निम्म्याहून जास्त झेंडे ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या विरोधकांची तिकिटं आपोआप गळत राहतात. हरणारी टीम बहुतेक वेळा या गळतीमुळे हरते. तुम्ही एका टेकडीवर बसून तीस जण मारलेत, पण पाचपैकी तीन झेंडे पूर्ण सामनाभर समोरच्यांकडे राहिले, तर तुमच्या तीस किलचा हिशोब त्या गळतीने कधीच फेडून टाकलेला असतो.

त्यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, पडलेल्या सोबत्याला उठवा. त्याला उठवलं की ते तिकीट वाचतं. शॉकचं यंत्र पूर्ण चार्ज करून लावा, नाहीतर तो अर्धमेला उठतो आणि लगेच पुन्हा पडतो. दुसरी, सगळ्यांनी एकाच झेंड्यावर गर्दी करू नका. वीस जण मधल्या झेंड्यासाठी झगडत असताना दोघांनी मोटरसायकल काढून मागचा झेंडा घेतला, की समोरच्यांचे निदान पाच-सहा जण मागे धावतात. मधला झेंडा मग आपसूक सैल होतो. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या आपल्या पोरांना हे खरं तर सांगावं लागू नये! तरीही सगळे जाऊन महादरवाजावरच धडका देतात.

हे शिकायला "गोलमुड रेल्वे" सर्वांत चांगला. नकाशा प्रचंड पसरलेला, झेंडे लांब लांब, आणि एक झेंडा तर रुळांवरून सरकणाऱ्या गाडीवर. तिथे पायी चालणाऱ्याचे हाल होतात, त्यामुळे गाडीत जागा आहे का हे विचारायची आणि जागा द्यायची सवय लागते. रिकाम्या जीपमध्ये एकटाच बसून सुसाट निघून जाणारा माणूस मला या गेममध्ये सगळ्यात जास्त खटकतो.

३२ जणांचा सामना चांगला की ६४ जणांचा?

जाहिरातीत ६४ चा आकडा मोठा दिसतो. पीसीवर आणि त्या वेळच्या नव्या कन्सोलवर ६४ जण खेळू शकत होते, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर २४. गोलमुड किंवा "पॅरासेल स्टॉर्म" सारख्या विस्तीर्ण नकाशांवर ६४ हवेतच. वादळ चढत जातं, लाटा उसळायला लागतात, भलंमोठं जहाज येऊन किनाऱ्यावर धडकतं, आणि एवढ्या पसाऱ्यात माणसं कमी असली तर ओसाड वाटतं.

पण शहरातल्या आणि इमारतींच्या आतल्या नकाशांवर मला ३२ चा सामना जास्त आवडतो. तिथे एका स्क्वाडने, म्हणजे पाच जणांनी ठरवून काही केलं तर निकाल फिरतो. ६४ मध्ये तुमचा डाव बरोबर असूनही बाकीच्या सत्तावीस जणांच्या गोंधळात तो वाहून जातो.

रशचे सर्व्हर रिकामे असतात. तरी तुम्ही त्याच्या मागे का लागता?

कारण या मालिकेत माझं मन सगळ्यात जास्त रशमध्ये रमलं.

रशमध्ये एक टीम हल्ला करते, दुसरी राखते. राखणाऱ्यांकडे एम-कॉम नावाच्या दोन पेट्या असतात. हल्लेखोरांनी तिथवर पोहोचून बॉम्ब लावायचा आणि तो फुटेपर्यंत जागा धरून ठेवायची. राखणाऱ्यांनी तो निकामी करायचा. दोन्ही पेट्या उडाल्या की लढाई पुढच्या टप्प्यावर सरकते आणि हल्लेखोरांना तिकिटं भरून मिळतात. हल्लेखोरांची तिकिटं संपली की सामना संपला. अपवाद एकच : तिकिटं संपली असताना बॉम्ब लागलेला असेल, तर तो फुटेपर्यंत किंवा निकामी होईपर्यंत खेळ चालू राहतो. ते शेवटचे काही सेकंद, तो टिकटिक आवाज, धुराचे गोळे, आणि आत घुसू पाहणारा शेवटचा माणूस! असा थरार मला दुसऱ्या कोणत्याही मोडमध्ये मिळालेला नाही.

ज्यांनी शाळेत आट्यापाट्या खेळल्या आहेत त्यांना रश लगेच कळतो. एकेक पाटी ओलांडत पुढे जायचं, आणि पाटी धरणाऱ्याने आपली रेष सोडायची नाही. रशमध्ये राखणारे हरतात ते बहुतेक वेळा रेष सोडल्यामुळे. दोन किल मिळाले की हुरूप येतो, माणूस हल्लेखोरांच्या तळापर्यंत पळत जातो, आणि मागे पेटीवर कोणीच उरत नाही. हल्लेखोरांची चूक नेमकी उलटी असते. निम्मी टीम लांबच्या टेकडीवर स्नायपर घेऊन पडून राहते आणि बॉम्ब लावायला जायचं धाडस तीन-चार जणांवर सोडते. त्यांची तिकिटं त्या टेकडीवरच संपतात.

रशचा जन्म २००८ च्या "बॅटलफील्ड : बॅड कंपनी" मध्ये झाला, तेव्हा त्याचं नाव गोल्ड रश होतं. २०१० च्या "बॅड कंपनी २" मध्ये तो भरात आला. त्यात पेटी ज्या घरात आहे ते घर पाडूनही पेटी उडवता यायची. ४ मध्ये ती सोय नाही, बॉम्ब हातानेच लावावा लागतो. त्याहून मोठी उणीव म्हणजे ४ चे नकाशे आधी कॉन्क्वेस्टसाठी आखले आहेत आणि रश त्यात मागाहून बसवल्यासारखा वाटतो. काही ठिकाणी पहिल्याच टप्प्यात हल्लेखोरांना लपायला आडोसा मिळत नाही. सर्व्हर रिकामे राहण्याचं कारण मला तरी हेच वाटतं. पण भरलेला सर्व्हर सापडला तर सोडू नका. आम्ही काही जण शनिवारी रात्री ठरवून रिकाम्या रश सर्व्हरवर जाऊन बसतो. आठ-दहा जण जमले की बाकीचे यादीत आकडा बघून आपोआप येतात.

ऑब्लिटरेशनमध्ये काहीच कळत नाही. नुसती पळापळ असते.

पहिले दोन सामने तसंच वाटतं. नकाशावर एकच बॉम्ब येतो. तो उचलून समोरच्यांच्या तीन एम-कॉमपैकी एकावर लावायचा. फुटला की नवा बॉम्ब दुसरीकडे येतो. ज्याच्याकडे बॉम्ब आहे तो दोन्ही टीमना सतत नकाशावर दिसत असतो, म्हणून त्याच्याभोवती मधमाश्यांसारखी गर्दी जमते.

युक्ती अशी की सगळ्यांनी बॉम्बमागे धावायचं नाही. निम्म्यांनी बॉम्ब कुठे जाणार आहे तिथे आधी पोहोचायचं, वाटेतली छपरं आणि खिडक्या साफ करायच्या. रशचा ताण आणि कॉन्क्वेस्टची मोकळीक यात एकत्र मिळते. या गेममध्ये जो मोड सर्वांत कमी कौतुक वाट्याला घेऊन गेला, तो माझ्या मते हा. माणसं नसतील तर मात्र त्याचा पार चोथा होतो. निदान वीस-पंचवीस जण हवेत.

डिफ्यूज कसा आहे?

पाच विरुद्ध पाच, दोन जागा, एक बॉम्ब, आणि मेलात की त्या फेरीत परत उतरायचं नाही. कबड्डीत बाद झालेला गडी निदान परत येऊ शकतो, इथे तेही नाही. काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण ज्यांना ही चव हवी ते मूळ काउंटर-स्ट्राइकच खेळतात. मला त्याचा भरलेला सर्व्हर फारच क्वचित मिळाला.

डॉमिनेशन, टीम डेथमॅच, स्क्वाड डेथमॅच : यातलं काय निवडू?

ऑफिसमधून आल्यावर वीसच मिनिटं असतील तर डॉमिनेशन. तीन झेंडे, गाड्या नाहीत, झेंडा चटकन ताब्यात येतो. कॉन्क्वेस्टमधली झेंड्याची जाण यात पक्की होते. टीम डेथमॅच मी नवी बंदूक हाताळून बघण्यापुरता खेळतो. धक्का कसा बसतो, किती अंतरावर गोळ्या पसरायला लागतात, हे तिथे लवकर कळतं. स्क्वाड डेथमॅचमध्ये चार स्क्वाड एकमेकांविरुद्ध असतात, त्यामुळे दोघांची झुंज चालू असताना तिसरा मागून येणार हे गृहीत धरा.

"लॉकर" आणि "मेट्रो" चे चोवीस तास चालणारे सर्व्हर एवढे भरलेले का असतात?

"ऑपरेशन लॉकर" हा कुनलुन डोंगरातला तुरुंग आहे आणि "ऑपरेशन मेट्रो" पॅरिसमधलं भुयारी स्थानक. मेट्रो आधी बॅटलफील्ड ३ मध्ये होता, ४ मध्ये "सेकंड असॉल्ट" या जोडपॅकमधून आला. दोन्हीकडे अरुंद वाटांमध्ये ६४ माणसं कोंबली जातात. समोर बघून हातगोळा फेकला तरी कोणाला ना कोणाला लागतोच. गुण भराभर मिळतात, बंदुकांची जोडसामग्री लवकर उघडते, म्हणून लोक तिथे जातात. त्यात गैर काही नाही, मीही गेलोय.

पण केवळ तेच खेळून "बॅटलफील्डमध्ये नुसती कोंडाकोंडी आहे" असं मत बनवू नका. एका टीमने निम्म्याहून जास्त झेंडे धरले की उरलेला अर्धा तास त्याच जिन्यावर, त्याच दारात लोक मरत राहतात. जिन्याची कोंडी फोडायची असेल तर रिकनवाल्याने, म्हणजे टेहळणीची भूमिका घेतलेल्याने, समोरच्यांच्या मागे पोहोचून स्पॉन बीकन (स्क्वाडला तिथे उतरू देणारं यंत्र) लपवावा. अख्खा स्क्वाड तिथून बाहेर पडला की अर्ध्या तासाची कोंडी दोन मिनिटांत सुटते. असं करणारा एखादाच भेटतो आणि तो भेटला की मी त्याला हमखास शाबासकी टाइप करतो.

जोडपॅकमधल्या मोडपैकी घ्यावा असा कोणता?

कॅरिअर असॉल्ट, डोळे मिटून. तो २०१४ च्या "नेव्हल स्ट्राइक" मध्ये आला आणि २००६ च्या "बॅटलफील्ड २१४२" मधल्या टायटन मोडवरून बेतलेला आहे. दोन्ही टीमकडे एकेक विमानवाहू जहाज. मधल्या बेटांवरची क्षेपणास्त्रांची ठाणी ज्याच्याकडे, त्याची क्षेपणास्त्रं समोरच्या जहाजावर पडत राहतात. जहाजाचं पुरेसं नुकसान झालं की त्याच्या पोटात शिरायची वाट उघडते. मग टीमपुढे प्रश्न येतो : बेटं धरून क्षेपणास्त्रांनीच जहाज बुडवायचं, की आत घुसून एम-कॉम उडवायचे? आणि सगळे आत घुसले तर बेटं कोण सांभाळणार?

एकाच सामन्यात कॉन्क्वेस्ट आणि रश दोन्ही, तेही समुद्रावर! बोटी चालवायला मजा येते आणि मागे पडलेली टीमही शेवटच्या पाच मिनिटांत सामना फिरवू शकते. खेद एवढाच की पैसे देऊन घ्यायच्या पॅकमध्ये ठेवल्यामुळे हा मोड फार थोड्यांच्या वाट्याला आला.

बाकीच्यांचं थोडक्यात. चेन लिंकमध्ये नुसते झेंडे घेऊन भागत नाही, ते साखळीने एकमेकांना जोडावे लागतात; कल्पना छान, पण अनोळखी लोकांना ती समजावून सांगेपर्यंत सामना संपतो. एअर सुपिरिऑरिटीमध्ये नुसती जेट विमानं असतात, ज्यांना ती उडवता येतात त्यांनी जावं. गन मास्टरमध्ये किल मिळवत गेलं की बंदूक बदलत जाते. सुट्टीच्या दिवशी भावंडं जमली की धमाल. कॅप्चर द फ्लॅग मी दोन-तीनदा खेळलो आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

हार्डकोअर हा वेगळा मोड आहे का?

मोड नाही, नियमांचा संच आहे. तो कॉन्क्वेस्टलाही लागतो आणि रशलाही. जीव १०० ऐवजी ६०, जखम आपोआप भरत नाही, कोपऱ्यातला छोटा नकाशा दिसत नाही आणि आपली गोळी आपल्याच माणसाला लागते. त्यामुळे सगळे सावकाश चालतात, गोळी झाडण्याआधी दोनदा बघतात. औषधाच्या पेटीची खरी किंमत इथे कळते. साधा खेळ चांगला जमल्यावर निदान महिनाभर खेळून बघाच. नवख्याने मात्र लगेच जाऊ नये, चुकून आपल्याच चार लोकांना मारलं की सर्व्हरवाले हाकलून देतात.

कमांडर होण्यात मजा आहे का?

बंदूक नाही, वरून नकाशा बघायचा, शत्रू शोधणारं ड्रोन फिरवायचं, रसद टाकायची आणि स्क्वाडना कुठे जा ते सांगायचं. गेम नवा होता तेव्हा हे टॅब्लेटवरूनही करता यायचं. चांगला कमांडर असला की फरक जाणवतो, विशेषतः एकटा पडलेला स्क्वाड झेंडा धरून असताना वेळेवर गोळ्या आणि गाडी पोहोचली तर. पण तुमच्या सूचना पाळायच्या की नाही हे स्क्वाडच्या मनावर असतं. घरातल्या कार्याची जबाबदारी घेतलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

एकट्याने खेळायची मोहीम करू का?

एकदा करा, एखाद्या शनिवार-रविवारी होऊन जाईल. बाकूपासून सुरू होते, शांघायमध्ये चांगली रंगते, शेवटी एक निवड करावी लागते आणि तीन वेगवेगळे शेवट आहेत. कथेतली माणसं फारशी लक्षात राहत नाहीत. मल्टीप्लेअरमधली मजा यावरून जोखू नका.

इथून खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा उशीर) फार येतं. कोणता मोड त्यातल्या त्यात बरा?

पुण्यातून मला सिंगापूरचे सर्व्हर युरोपपेक्षा बरे लागतात, पण गर्दी युरोपातल्या सर्व्हरवर जास्त असते. पिंग शंभरच्या वर असेल तर टीम डेथमॅच, डॉमिनेशन आणि लॉकर टाळा. तिथे सगळं समोरासमोर आणि क्षणात घडतं, भिंतीआड गेल्यावरही गोळी लागल्यासारखं होतं. कॉन्क्वेस्ट लार्ज घ्या, रणगाडा किंवा दुरुस्ती करणारा इंजिनिअर घ्या. रणगाड्याच्या लढाईत पाव सेकंदाने बिघडत नाही. सर्व्हरच्या यादीत टिकरेट (सर्व्हर सेकंदाला किती वेळा खेळ ताजा करतो तो आकडा) दिसला तर ६० हर्ट्झचा निवडा. सुरुवातीच्या काळात ३० चेच होते आणि फरक हाताला जाणवतो.

वेळ बघूनही निवडा. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात, लोक नुकते घरी येत असतात. रात्री अकरानंतर युरोपचे सर्व्हर भरलेले मिळतात. दुपारी खेळणार असाल तर आशियातले बघा.

जुना प्लेस्टेशन ३ आहे. त्यावर चालेल?

मल्टीप्लेअर नाही. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरची ऑनलाइन सेवा ७ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. मोहीम तेवढी खेळता येईल. मोड खेळायचे असतील तर पीसी किंवा त्यापुढचा कन्सोल लागेल.

आम्ही पाच मित्र आहोत, वेगवेगळ्या गावांत. पहिल्या रात्री काय खेळू?

एका स्क्वाडमध्ये पाचच जण बसतात, म्हणजे तुमचा आकडा नेमका जुळलाय. पहिले दोन सामने कॉन्क्वेस्ट स्मॉल, दोघे असॉल्ट, एक सपोर्ट, एक इंजिनिअर, एक रिकन. व्हॉइस चॅट चालू ठेवा. एक जण तरी जिवंत राहून आडोशाला थांबला की बाकीचे चौघे त्याच्याजवळ उतरू शकतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. तिसऱ्या सामन्याला रशचा सर्व्हर शोधा, रिकामा असला तरी आत जाऊन बसा. शनिवार असेल तर आम्ही तिथेच असू.